गाठी मारलेली दोरी

(धाराशिव येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



टेबलावर ठेवलेली ही दोरी पाहून मघापासून काही जण विचारतायत, "बाई, हे काय आणलंत?" नायलॉनची वीस मीटर दोरी आहे. दर अर्ध्या मीटरला एक गाठ, दर मीटरला लाल चिंधी आणि टोकाला अर्ध्या किलोचं जुनं लोखंडी माप. वर्गातल्या प्रकल्पाबद्दल मला जे काही कळलं, त्यातलं बरंचसं मी या दोरीकडून शिकले. म्हणून तिला बरोबर घेऊन आले.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, ते गुरुजी माझे पहिले मुख्याध्यापक. द्विशिक्षकी शाळा होती, मी तिथली दुसरी शिक्षिका. गुरुजींची एक सवय होती. एखाद्या लेकराने असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर त्यांना येत नाही, तर ते खडू घ्यायचे आणि वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूला तो प्रश्न लिहून ठेवायचे. उत्तर मिळेपर्यंत पुसायचे नाहीत. दार उघडं असलं की तो प्रश्न भिंतीआड जायचा आणि शाळा सुटताना दार ओढलं की पुन्हा सगळ्यांसमोर यायचा. चिंचेच्या झाडाखाली गवत का उगवत नाही, हा प्रश्न त्या दारावर चार महिने होता. त्या काळात प्रकल्प हा शब्द आमच्या तोंडी नव्हता. धरणाचा प्रकल्प असतो, एवढंच ठाऊक होतं.

तो शब्द शाळेत आला तो कागदाबरोबर. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं ठरली: निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणते. लेकराला तीन तासांच्या पेपरावरून जोखू नये, यात चुकीचं काय? पण पहिल्याच वर्षी मी काय केलं ते सांगते. सातवीच्या वर्गाला फळ्यावर विषय दिला, "जलसंधारण", आणि सांगितलं, सोमवारपर्यंत प्रकल्प आणा.

सोमवारी आले. थर्माकोलचा डोंगर, निळ्या रंगाची नदी, कापसाचे ढग. तीन प्रकल्प हुबेहूब सारखे होते, कारण तिघांनीही ते तालुक्याच्या एकाच दुकानातून आणले होते. दोघांचे त्यांच्या दादांनी केले होते. एक मुलगी शाळेतच आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. शेवटी मी घरी गेले. थर्माकोलच्या शीटला पैसे नव्हते आणि बाईंना सांगायची लाज वाटत होती, म्हणून ती शेळ्या घेऊन माळावर जात होती. त्या आठवड्यात माझ्या नोंदवहीत प्रकल्पाच्या रकान्यात सगळ्यांना गुण पडले आणि तिच्या नावापुढे रेघ. शेळ्या कुठलं झुडूप खातात, कुठल्याला तोंड लावत नाहीत, उन्हाळ्यात दुधावर काय फरक पडतो, हे त्या लेकराला सगळ्या वर्गापेक्षा जास्त ठाऊक होतं. ज्या शेळीच्या जातीला आपल्या जिल्ह्याचं जुनं नाव आहे, तिची जाणकार माझ्या वर्गात बसत होती आणि मी तिच्याकडून थर्माकोल मागत होते. हा दोष माझा होता. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, मग दुकानात पुठ्ठ्याचे डोंगर आले. बाकी फार बदललेलं दिसत नाही.

असं का होतं, याचा विचार करताना मला थोडं मागे जावं लागलं. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात मुलांची शाळा हीच प्रयोगशाळा म्हणून चालवली. त्यांच्या विचारात वाढलेल्या विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवर एक निबंध लिहिला आणि ती कल्पना जगभर गेली. मुलाने मनापासून धरलेला हेतू हा त्यांच्या मते प्रकल्पाचा प्राण. आपल्याकडे विसाच्या दशकात पंजाबातल्या मोगा इथे, गावच्या शाळांसाठी शिक्षक घडवणाऱ्या मिशनच्या संस्थेत ही पद्धत चालत होती. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नयी तालीम आली. उत्पादक कामातून गणित, भाषा, इतिहास, समाज, सगळं शिकवायचं. गांधीजींची ही कल्पना किलपॅट्रिकच्या कल्पनेपेक्षा मला जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात लेकराच्या कामाची गावाला गरज आहे हे गृहीत धरलेलं आहे.

पण तिचं पुढे काय झालं? माझ्या आईच्या शाळेत टकळीवर सूत कातण्याचा तास होता. आई सांगायची, पेळू संपला की तास संपायचा. सूत किती निघालं, का तुटलं, कापूस कुठून आला, कुणी विचारायचं नाही. टकळी राहिली, तिच्यामागचा प्रश्न गेला. थर्माकोलच्या डोंगराची गोष्ट हीच आहे. वस्तू तपासता येते, मोजता येते, तिचा फोटो काढून वर पाठवता येतो. म्हणून वस्तू टिकते. प्रश्नाचा फोटो निघत नाही.

आपल्या जिल्ह्यात याच्या उलट उदाहरण घडून गेलंय आणि आपण त्याच्याकडे फक्त स्वातंत्र्यलढ्याचं पान म्हणून पाहतो. लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा इथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षण उर्दूतून होतं, त्या दिवसांत. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तिथे आले आणि मुख्याध्यापक झाले. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला. तेच स्वामी रामानंद तीर्थ. १९३५ मध्ये ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेले. शाळा ही गावाच्या प्रश्नाला बांधलेली असते, हे या मातीत बाहेरून आणावं लागत नाही. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी लोहाऱ्याच्या एका खेड्यात ते कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

आता दोरीकडे येते.

२०१२ चा पावसाळा कोरडा गेला, तुम्हाला आठवत असेल. ऑक्टोबरमध्येच गावात बोलणं सुरू झालं, की यंदा विहिरी कुठवर पुरतील? कुणी म्हणे संक्रांतीपर्यंत, कुणी म्हणे शिमग्यापर्यंत. ग्रामपंचायतीचे एक सदस्य शाळेत सहज आले होते. टँकरचा प्रस्ताव कधी पाठवायचा, यावर त्यांची घालमेल चालली होती. सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मोजा की." पोरं कुणालाही सर म्हणतात. सदस्य हसले, म्हणाले, "तुम्हीच मोजा आन् सांगा मला." ते गमतीने म्हणाले होते. वर्गाने ते खरं धरलं. मी दारावर खडूने लिहिलं: आपल्या गावाला पाणी कधीपर्यंत पुरेल?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आम्ही ठरवलं, दर पंधरा दिवसांनी सात विहिरी. कठडा पक्का असलेल्याच घेतल्या. दोरी सोडायला दरवेळी मालक किंवा गावातलं एखादं मोठं माणूस, लेकरं कठड्यापासून एक हात मागे, मी तिथे हजर. हे नियम मी कुणाच्या सांगण्यावरून शिथिल केले नाहीत. तुम्हीही करू नका.

पहिल्या दीड महिन्याच्या नोंदी निरुपयोगी ठरल्या. एकाच विहिरीचं पाणी पंधरा दिवसांत दीड मीटर खाली गेलेलं आणि पुढच्या पंधरवड्यात एक मीटर वर आलेलं! पाऊस तर नाही. मला उत्तर माहीत नव्हतं, असं म्हणणार नाही, अंदाज होता. पण मी गप्प बसले, आणि शिक्षकाला हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. तीन दिवसांनी एक मुलगी म्हणाली, "बाई, त्या आठवड्यात लाईट दिवसाची होती. मोटर चालू होती." शेतीची लाईट आळीपाळीने एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री यायची, हे तिला पाठ होतं, कारण तिचे वडील रात्री पाणी द्यायला जायचे. मग वर्गाने स्वतःचा नियम केला: मोटर बंद होऊन निदान सहा तास झाल्याशिवाय दोरी सोडायची नाही. विज्ञानाच्या पुस्तकात चल राशी स्थिर ठेवण्याबद्दल जे लिहिलेलं असतं ते हेच. मी ते आधीची कित्येक वर्षं शिकवत आले होते आणि परीक्षेत मुलं ते लिहीतही होती.

दुसरी चूक दोरीची. आधी सुती दोरी होती. भिजून वाळून ती आखडली. डिसेंबरमध्ये एकाने सहज मोजपट्टी लावली, तर दहा मीटरच्या जागी ती बोटभर नाही, चांगली हातभर कमी भरली. मागच्या सगळ्या नोंदींवर काट मारायची की दुरुस्त करायच्या, यावर वर्गात दोन तास वाद झाला. गणिताचा तास नव्हता तो, आणि गुणोत्तर-प्रमाण मी इतकं चांगलं कधीच शिकवलं नाही. मग ही नायलॉनची आली.

तिसरी गोष्ट मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण प्रकल्पाबद्दल बोलणारी माणसं ती नेहमी गाळतात. सात मीटर पाच सेंटिमीटर हे माझ्या वर्गातल्या निम्म्या लेकरांनी ७.५ असं लिहिलं होतं. सात मीटर पन्नास सेंटिमीटरही ७.५. आणि ७.१० हे ७.५ पेक्षा मोठं, कारण दहा पाचापेक्षा मोठे. सातवीचा वर्ग आहे हा. आता काय करायचं? प्रकल्पातून आपोआप शिकतील म्हणून वाट बघायची? मी प्रकल्प थांबवला. चार दिवस दशांश अपूर्णांक शिकवले, फळ्यावर, समोर उभं राहून, उदाहरणांवर उदाहरणं देऊन. दोरी वर्गात जमिनीवर पसरली होती, तिच्यावर प्रत्येकाला बोट ठेवून ७.०५ दाखवायला लावलं. ज्यांना आलं नाही त्यांना दुपारी पुन्हा.

२००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन संशोधकांनी एक निबंध लिहून असा आक्षेप घेतला होता, की नवशिक्या मुलांना कमीत कमी मार्गदर्शन देऊन मोकळं सोडलं तर ती नीट शिकत नाहीत. माणसाच्या चालू स्मरणाला एका वेळी फार थोडं पेलतं. प्रकल्प पद्धतीची बाजू घेणारे या निबंधावर चिडतात. मला तो पटतो. ज्याला वाचता येत नाही त्या लेकराला सर्वेक्षणाचा तक्ता देऊन गटात बसवलं, तर तो तक्ता गटातला हुशार मुलगा भरतो आणि बाकीचे तिघे स्केचपेनने चौकट रंगवतात. शिकवणं प्रकल्पाच्या बाहेर ठेवायचं नाही. प्रश्नामुळे शिकण्याची निकड तयार होते, आणि त्याच घडीला शिक्षकाने सरळ, स्पष्ट, नेटकं शिकवायचं. त्या चार दिवसांत दशांश अपूर्णांक शिकताना एकाही लेकराने विचारलं नाही की बाई, हे कशाला? आपला आकडा चुकला तर सदस्यांना चुकीचं सांगितलं जाईल, हे त्यांना कळत होतं.

माझं सगळं म्हणणं याच्याशी येऊन थांबतं. उत्तराची वाट पाहणारं कुणीतरी शाळेच्या बाहेर हवं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीच्या शाळांसाठी तंत्रज्ञानाच्या मूलभूत ओळखीचा अभ्यासक्रम निघाला: आठवड्यातला एक दिवस हाताचं काम. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही, की मुलांनी केलेलं काम गावात खपायला हवं होतं. फाटकाचं वेल्डिंग केलं तर ते फाटक कुणाच्या तरी घराला लागणार, आणि ते नीट बसलं नाही तर तो माणूस परत येणार. परत येणाऱ्या माणसासारखा परीक्षक दुसरा नाही. कोल्हापुरात १९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयातही मुलं वर्गाबाहेरच्या माणसांशी बोलून, पाहून, विचारून शिकत होती. पाबळच्या गिऱ्हाइकाचं नातं मात्र मला आमच्या त्या ग्रामपंचायत सदस्यांशी जुळलेलं दिसतं.

फेब्रुवारीत आम्ही आलेख काढला. सातपैकी पाच विहिरींची रेघ एका उताराने खाली चालली होती आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीची त्याहून जास्त वेगाने. असं का, हे शोधताना कुणीतरी कायद्याबद्दल सांगितलं: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. लेकरांनी वर्तुळ काढायचं ठरवलं. पावलं मोजत, काठ्या रोवत, चारी दिशांना गेली. त्या वर्तुळाच्या आत, नुकतीच घेतलेली, वर्गातल्याच एका मुलाच्या वडिलांची बोअर निघाली.

त्या दिवशी तो मुलगा डबा न खाता बसला होता. बाकीच्यांनी त्याला काही म्हटलं नाही, पण त्याच्याकडे बघतही नव्हते. मी रात्रभर विचार केला. खरं झाकायचं नाही, हे मला ठाऊक होतं. पण बारा वर्षांच्या लेकराला बापाविरुद्धचा पुरावा करायचा अधिकार मला कुणी दिला? दुसऱ्या दिवशी वर्गात बोललो. एक तास फक्त यावरच. वर्गाने ठरवलं की नकाशावर कुणाचंही नाव घालायचं नाही. वर्तुळ, त्यातल्या बोअरची संख्या आणि पातळीचे आकडे, एवढंच. आणि त्या मुलाने स्वतःहून सांगितलं की ते आकडे ग्रामसभेत तो वाचेल. त्याने वाचले. वडील मागे उभे होते. सभेनंतर ते माझ्याशी बोलले नाहीत, पुढे कित्येक दिवस नाहीत. मार्चमध्ये त्यांनी सकाळी मोटर बंद ठेवायला सुरुवात केली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

टँकरचा प्रस्ताव फेब्रुवारीतच गेला. आकडे शाळेचे होते. दारावरचा प्रश्न मात्र आम्ही मे महिन्यात पुसला, पिण्याची विहीर कोरडी पडली त्या दिवशी. आमचा अंदाज सतरा दिवसांनी चुकला होता. का चुकला, हे त्यांनी पाहुण्यांचा हंगाम, लग्नसराई आणि जनावरांचा छावणीतला मुक्काम असं सगळं मोजून शोधलं. ते पान त्या वर्षीच्या वहीतलं सगळ्यात चांगलं पान होतं.

दुष्काळाचाच प्रश्न घ्यायला हवा असं नाही. शाळेचं छप्पर घ्या. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लीटर पाणी. सहा मीटर रुंद आणि अठरा मीटर लांब छप्पर म्हणजे १०८ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर ७५,६०० लीटर. पाचवा भाग वाया गेला तरी दहा हजार लीटरचे सहा टँकर छपरावरून वाहून जातात. पाचवीच्या लेकराला हे गणित येतं, आणि आलं की ते पन्हाळीकडे वेगळ्या नजरेने बघतं. भूम तालुक्यातल्या शिक्षकांनी खव्याच्या भट्टीवर जावं. म्हशीच्या दुधाचा खवा जास्त का पडतो, गाईच्या दुधाचा कमी का, हे तराजू लावून लेकरांनी मांडलं तर शतमान आणि दुधातले घटक एका दुपारी कळतात. भट्टीवाल्यालाही हिशेब हवाच असतो. तेरच्या शाळांबद्दल मी काय सांगू? दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक प्रवासवर्णनात तगर नावाने नोंदलेलं गाव, रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर. फक्त पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरची खापरं लेकरांना उचलू देऊ नका. जिथे आहेत तिथेच नोंद करायला शिकवा.

भूकंपाबद्दल बोलताना मात्र मी थांबून बोलते. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आजच्या लोहारा आणि उमरगा तालुक्यांत अशी गावं आहेत की जिथे शाळेतलं प्रत्येक लेकरू कुठल्या ना कुठल्या गेलेल्या माणसाचं नातवंड आहे. भूकंपानंतर ज्ञान प्रबोधिनी ही संस्था पुण्याहून हराळीला मदतीला आली आणि तिथेच राहिली. निवासी शाळा उभी राहिली, शेतीचं शिक्षण उभं राहिलं. आपत्तीतून शाळा कशी उगवते, हे बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. त्या भागातल्या एका शाळेत मी लेकरांबरोबर एक प्रश्न घेतला होता: माळवदाची घरं का पडली? दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, आतबाहेरच्या दोन थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि वर उन्हापासून वाचायला टाकलेला मातीचा जड थर. खडे आणि चिखल यांची छोटी भिंत पत्र्याच्या ताटलीवर बांधून ती हलवली की थर कसे सुटतात, ते लेकरांनी पाहिलं. मग आरपार लांब खडे घालून बांधली आणि पुन्हा हलवली. आजी-आजोबांना विचारायला पाठवताना मात्र मी एका प्रश्नाला मनाई केली होती: तुमच्या घरातलं कोण गेलं? ते सांगायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं. बहुतेकांनी आपणहून सांगितलं. एक आजी काहीच बोलल्या नाहीत, नातवाचा हात धरून बसून राहिल्या. त्याने वहीत तेवढंच लिहिलं.

आता अडचणीकडे येते. दिवाळी झाली की भूम, परांडा, कळंब, वाशी या भागातून ऊसतोडीला कोयते निघतात. वर्गातली सहा-सात नावं एका आठवड्यात कमी होतात. हंगामी वसतिगृहात काही राहतात, काही आईबापांबरोबर जातात. वर्षभर चालणारा कुठलाही प्रकल्प या लेकरांना मध्येच सोडून देतो. मी एकदा एका मुलीला जाताना वही दिली आणि म्हटलं, तिथे काय मोजता येईल ते मोज. एप्रिलमध्ये ती परत आली. वहीत रोजची तारीख, गाडीच्या खेपा, वजनाच्या चिठ्ठीवरचे टन, आणि शेवटच्या पानावर आगाऊ घेतलेली उचल फिटायला अजून किती टन लागतील याचा हिशेब. ती म्हणाली, "बाई, जानेवारीपासून दादा रोज चिठ्ठी माझ्याकडंच द्यायचे वाचायला." दादा म्हणजे तिचे वडील. त्या वर्षी माझ्या वर्गातला सगळ्यात चांगला प्रकल्प शाळेपासून दोनशे किलोमीटरवर, उसाच्या फडात झाला. शाळेने तिला तिच्या गैरहजेरीबद्दल विचारलं, वहीबद्दल विचारायचा रकाना नव्हता.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती मी अधिकाऱ्यांसमोर अनेकदा केली आहे. वर्षाला एका वर्गाचे दोनच प्रकल्प असावेत. दोन, आठ नाहीत. प्रत्येक विषयाचा वेगळा प्रकल्प म्हणजे प्रत्येक विषयाचा वेगळा थर्माकोल. दोहोंपैकी एक दिवाळीच्या आत संपणारा असावा, म्हणजे कोयत्याबरोबर जाणाऱ्या लेकराचाही तो पुरा होईल. मूल्यमापनाच्या तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरतात, त्या बंद कराव्यात. त्याऐवजी गटातल्या प्रत्येक लेकराला, एकेकट्याला बोलावून, एवढं विचारावं: तुझ्या वहीत चुकलेली नोंद दाखव, आणि ती चुकली हे तुला कसं कळलं ते सांग. ज्याने काम केलं नसेल त्याच्याकडे दाखवायला चूक नसते. हा प्रश्न मी शेवटची आठ वर्षं वापरला. त्याने मला कधी फसवलं नाही.

आणि भेटीला येणाऱ्यांनी प्रदर्शनाची मांडणी न बघता त्या वह्या बघाव्यात. मळक्या असतील. काट मारलेल्या असतील. सजवलेल्या वहीपेक्षा त्यांना जास्त वेळ द्यावा.

शिक्षकांवर ऑनलाइन माहितीचा, सर्वेक्षणांचा, निवडणुकीच्या कामाचा किती भार आहे, हे इथे बसलेल्या कुणालाही मी सांगायला नको. प्रकल्प नीट चालवणं हे धडा वाचून दाखवण्यापेक्षा दुप्पट कष्टाचं काम आहे. जो सांगेल की सोपं आहे, त्याने ते केलेलं नाही. वेळ मागितल्याशिवाय मिळणार नाही, आणि तो आपण संघटनेच्या मागण्यांत पगाराच्या खालोखाल लिहायला हवा.

बोलणं लांबलं. ही दोरी आता माझ्या घरी खुंटीला असते. ती तिथे असण्यात काही अर्थ नाही. समोर बसलेल्यांपैकी ज्या शाळेला ती हवी असेल, त्यांनी व्याख्यान झाल्यावर घेऊन जावी. आठ मीटरच्या पुढची एक गाठ सैल झालीय, ती मोजून पुन्हा बांधावी लागेल. लेकरांनाच बांधू द्या. जी विहीर निवडाल तिच्या मालकाला आधी विचारा, लाईटची पाळी कुठली आहे ती बघा आणि कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. आम्ही पहिल्या दोन महिन्यांत विसरलो होतो.